बहिणाबाई चौधरी : घरोट्यापाशी सापडलेला एकांत

माउली, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकात संतांची चरित्रं पुष्कळ वाचायला मिळतील. आम्हाला सांगायचं आहे ते आपल्याच खानदेशातल्या एका शेतकरी बाईचं. तिनं मठ बांधला नाही, फड चालवला नाही, शिष्य केले नाहीत. तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं. तरी वारकऱ्यानं शिकावं असं तिच्यापाशी फार मोठं काही आहे. तिचं नाव बहिणाबाई चौधरी. तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई त्या वेगळ्या, त्या सतराव्या शतकातल्या. ही आपली जळगावची. मायला आपण अगं-तुगंच म्हणतो, म्हणून आम्हीही इथं तसंच म्हणतो. कोणी राग धरू नये.

बहिणाईचा जन्म जळगावजवळच्या आसोद्याचा, १८८० सालचा. नागपंचमीच्या दिवशी जन्मली असं सांगतात. माहेर महाजनांचं. बापाचं नाव उखाजी, आईचं भीमाई. घरात तीन भाऊ, तीन बहिणी. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरी नांदायला आली. आसोद्याहून जळगाव काही लांब नाही, पण सासर ते सासर. आखाजीला माहेरची वाट पाहणं कोणत्या लेकीला चुकलं आहे?

त्या काळी शेतकऱ्याच्या सुनेचा दिवस कसा असे ते आमच्या वयाच्या लोकांनी आपल्या आया-आज्यांत पाहिलेलं आहे. पहाटे दळण, मग पाणी, गोठा, चूल. भाकरी बांधून वावरात जायचं. निंदणी, कपाशीची वेचणी, खळ्यावरची उपणणी. दिवेलागणीला परत चूल. घर माणसांनी भरलेलं, कुठं लेकरू रडतंय, कुठं गाय हंबरतेय. बाहेर जळगाव गाव वाढत होतं. रेल्वे आलेली, कापसाची गिरणी चाललेली, बाजार गजबजलेला. अशा ठिकाणी बाईमाणसाला घटकाभर एकटं बसायला जागा कुठून मिळावी?

त्यात दैवानंही कमी केलं नाही. ती तिशीत असतानाच नथुजी वारले. पदरात तीन लेकरं, काशी, ओंकार आणि सोपान. प्लेगाच्या साथीत ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. पुढं विधवा बाईचं जिणं, वरून शेताचं काम. बाहेरचा गोंगाट एक वेळ दार लावून बंद करता येतो. आत काळजीचा जो कालवा चालतो त्याला दार नसतं. उद्याचं कसं, लेकरांचं कसं, लोक काय म्हणतील, हा कालवा झोपेतही थांबत नाही. बहिणाईच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

तिनं घर सोडलं नाही. तीर्थाला जाऊन बसली नाही. ती घरोट्यापाशी बसली. आता घरोटं म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगावं लागेल. घरोटं म्हणजे जातं. पहाटेच्या अंधारात खुंटा धरून ते फिरवायचं आणि फिरवता फिरवता ओवी म्हणायची, ही आपल्या बायांची जुनी रीत. बहिणाईनं ओव्या नुसत्या म्हटल्या नाहीत, स्वतःच्या रचल्या. दळताना, स्वयंपाक करताना, वावरात काम करताना तिच्या तोंडी गाणं यायचं. घराची बोली तीच गाण्याची बोली. संसार, नांगरणी, पेरणी, मोट, सुगरणीचं घरटं, माणसाचं मन, सगळ्यांवर तिनं गाणी केली. जळगावातल्या छापखान्याच्या धडधडीवरसुद्धा केलं. म्हणजे ज्या आवाजानं आपण कानावर हात ठेवू, तो आवाजही तिनं ऐकला आणि त्याचं गाणं केलं.

आम्ही शेतकरी माणूस, म्हणून घरोट्याचा दृष्टांत आम्हाला लवकर कळतो. घरोट्यात दाणे घातले नाहीत आणि नुसतं फिरवलं, तर दगडावर दगड घासतो. आवाज मोठा होतो आणि हाती कच येते. एकदम ओंजळभर दाणे कोंबले तर भरड निघते, खुंटा ओढता ओढता हात भरून येतात. एकेक मूठ घालत, एका चालीनं फिरवलं तर पीठ मऊ पडतं आणि आवाजही गोड होतो. मन तसंच आहे. रिकामं सोडलं तर स्वतःलाच दळत बसतं. दहा गोष्टी एकदम घातल्या तर भरड. एकेक मूठ द्यावी. ती मूठ म्हणजे हातातलं काम आणि मुखातलं नाम. बहिणाईच्या हाताला काम होतं, मुखात गाणं होतं, मधल्या जागेत काळजीला बसायला जागा उरली नाही.

कोणी माय म्हणेल, बुवा, म्हणजे आम्ही सगळं निमूट सोसायचं का? तसं नाही. निमूट सोसणं आणि शांत असणं यात फरक आहे. बहिणाईनं वैधव्याचं दुःख लपवलं नाही, त्यावर गाणं रचलं, स्वतःच्या जिवाला स्वतः धीर दिला. ज्योतिष्यानं हात पाहू नये, असं ठणकावणारं तिचं गाणं आहे. जगातल्या खोटेपणावरही तिनं बोट ठेवलं. तिचं तोंड बंद नव्हतं, मन ठिकाणावर होतं.

आणि वारकऱ्यांनो, मुक्ताईवरही तिचं गाणं आहे. साहजिकच आहे. तापीकाठचं मेहूण, कोथळी, मुक्ताईनगर हा आपलाच मुलूख. चांगदेव तर चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसून आले असं आपण कीर्तनात सांगतो. इतका योग साधूनही जे हाती आलं नव्हतं ते त्यांना एका लहान पोरीपाशी मिळालं, आणि ती पोर भावंडांच्या संसारात राहून, लोकांचे बोल खाऊन तशी झालेली होती. बहिणाईला मुक्ताई जवळची वाटली यात नवल नाही.

ही गाणी लोकांपुढं आली ती तिच्या लेकामुळं. सोपान शाळेत जायचा. त्यानं सावित्री-सत्यवानाची गोष्ट घरी वाचून दाखवली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मायनं त्यावर गाणं रचलेलं, असं सांगतात. हाच सोपान पुढं कवी सोपानदेव चौधरी म्हणून नावाजला. त्यानं आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी मायची गाणी लिहून ठेवली. जी लिहिली ती राहिली, बाकीची वावरातल्या वाऱ्यावर गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाई वारली. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं, त्याला आचार्य अत्रे यांची प्रस्तावना. पुस्तक तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे, २०१८ सालापासून. जळगाव, धुळे, नंदुरबारची लेकरं शिकून बाहेर पडतात ती कधी शाळेत न गेलेल्या मायचं नाव कागदावर घेऊन.

आम्हाला यात एक गोष्ट मोठी वाटते. पहाटे दळताना ऐकायला कोण होतं? भोवती अंधार आणि निजलेली लेकरं. टाळी नाही, बिदागी नाही, फोटो नाही. तरी गाणं चालू. कोणी ऐको न ऐको, आपलं भजन चालू राहणं, ह्यालाच आम्ही एकांत म्हणतो.

आता आपल्या दिंडीचं पाहू. घरोटी गेली, दळण चक्कीवर गेलं. बायांच्या मनगटाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दळणाबरोबर पहाटेची ती घटका आणि ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्याही चालल्या. त्या जागी काय आलं? उठल्याबरोबर मोबाईल. दिंडीतसुद्धा एकीकडं गाडीवरचा भोंगा, दुसरीकडं कानाशी फोन, कपाशीचा भाव, घरचं भांडण, सगळं सोबत चालत पंढरीला येतं. पाय वाळवंटात पोचतात, मन गावातच राहतं.

आवाज वाईट नाही. पन्नास टाळ वेगवेगळे वाजले तर डोकं उठतं, तेच पन्नास टाळ एका ठेक्यात पडले की त्यांच्या मधोमध चालणाऱ्याला आतून शांत वाटतं. हा अनुभव प्रत्येक वारकऱ्याचा आहे. म्हणून आमची दिंडीला एक विनंती आहे. शंभराव्या वर्षापासून पहाटे निघाल्यावर पहिल्या विसाव्यापर्यंत भोंगा बंद, मोबाईल पिशवीत. टाळ, पखवाज आणि आपला गळा, एवढंच. आणि बायांना पुढं घ्यावं, ज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात त्यांनी त्या म्हणाव्या, पोरींनी शिकाव्या, शिकलेल्या पोरांनी वहीत उतरून घ्याव्या. सोपाननं उतरून घेतल्या म्हणून आपल्याला बहिणाई मिळाली. आपल्या दिंडीतही अशा किती माया असतील ज्यांचं अजून कोणी उतरून घेतलं नाही.

आणि वारीहून घरी आल्यावर शांती शोधायला लांब जाऊ नये. चूल, गोठा, वावर, जिथं हात लागलेला आहे तिथंच बसावं आणि एकेक मूठ घालावी.

रामकृष्ण हरी.