सहा-सात प्रकाशकांनी नाकारलेला ससा आणि त्याच्या जिवावर वाचलेली ४ हजार एकर जमीन

निळा कोट घातलेला ससा तुम्ही पाहिलाच असेल. पुस्तकात नाही तर पिक्चरमध्ये, नाहीतर एखाद्या मगवर. नाव पीटर रॅबिट. पण हा ससा जिने रंगवला, ती बिॲट्रिक्स पॉटर फक्त मुलांची लेखिका नव्हती. तिने या सशाच्या कमाईतून काय केलं, ते वाचाल तर चाट पडाल.

गोष्ट सुरू होते २८ जुलै १८६६ ला, लंडनमध्ये. घर गडगंज. आजोबांचा सुती कापडावर छपाई करण्याचा कारखाना होता. पण बिॲट्रिक्स कधी शाळेत गेली नाही. शिकवायला बाई घरीच यायच्या, त्यामुळे मैत्रिणी जवळपास नव्हत्याच. मग ती आणि धाकटा भाऊ बर्ट्रम यांनी ससे, उंदीर, बेडूक, वटवाघूळ असं सगळं घरात पाळलं. नुसतं पाळलं नाही, तर त्यांची चित्रं काढली. प्राणी मेला की त्याचा सांगाडा काढून हाडांचाही अभ्यास केला. म्हणूनच तिच्या वॉटरकलरमधला ससा कोट घालतो, पण दिसतो अगदी खराखुरा.

तिला दुसरा नाद होता कुत्र्याच्या छत्र्यांचा, म्हणजे बुरशीचा. मायक्रोस्कोप घेऊन तिने शेकडो चित्रं काढली. बुरशीचे बीजाणू कसे रुजतात यावर शोधनिबंधही लिहिला. १८९७ मध्ये तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण मांडला एका पुरुषाने. कारण तिथल्या बैठकांना बायकांना प्रवेशच नव्हता. १०० वर्षांनी, म्हणजे १९९७ मध्ये, या संस्थेने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. पण तेव्हा ते ऐकायला ती नव्हती.

विज्ञानाचं दार बंद झालं, पण ससा सोबत होता. १८९३ मध्ये तिने आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला एक पत्र पाठवलं होतं. लिहायला काही सुचेना म्हणून त्यात चार सशांची सचित्र गोष्टच सांगितली. पुढे तिला त्याचं पुस्तक करायचं होतं. तेही छोटं आणि स्वस्त, लहान मुलांच्या हातात मावेल असं. प्रकाशकांनी नकार दिला.

बाईंनी काय केलं? १९०१ च्या डिसेंबरमध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. त्या हातोहात संपल्या. मग आधी नाही म्हणणाऱ्यांपैकीच एक, फ्रेडरिक वॉर्न कंपनी, तयार झाली. अट एकच, चित्रं रंगीत हवीत. १९०२ मध्ये पुस्तक आलं आणि हजारोंनी खपलं. १९०३ मध्ये तिने पीटरच्या बाहुलीचं पेटंटही घेतलं.

या कामात तिचे सूर जुळले प्रकाशक नॉर्मन वॉर्नशी. १९०५ च्या जुलैमध्ये त्याने लग्नाची मागणी घातली. आईवडिलांचा विरोध, कारण पोरगा धंदेवाला. कापडाच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या घराने हे म्हणावं! तरीही जवळपास ३९ वर्षांच्या बिॲट्रिक्सने होकार दिला. पण महिन्याभरातच नॉर्मन ल्युकेमियाने गेला.

त्याच वर्षी तिने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागात हिल टॉप नावाचं शेत विकत घेतलं. पैसा पुस्तकांच्या रॉयल्टीचा आणि थोडा वारशाने आलेला. पुढच्या कित्येक गोष्टींत हेच घर, हीच बाग दिसते. जमीन खरेदीत मदत करणारे वकील विल्यम हीलिस यांच्याशी तिने १९१३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी लग्न केलं.

मग ती पक्की शेतकरीण झाली. या डोंगरांतल्या काटक हर्डविक मेंढ्या कमी होत होत्या, त्या तिने वाढवल्या आणि प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. एखादं शेत बंगल्यांसाठी तुकडे पडून विकलं जाईल असं वाटलं, की ते विकत घ्यायचं, हा तिचा शिरस्ता.

२२ डिसेंबर १९४३ ला ती गेली. मागे २३ छोटी पुस्तकं आणि ४ हजार एकरांहून जास्त जमीन. ही जमीन, त्यावरच्या शेतवाड्यांसकट, तिने नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. वर अट घातली, इथे हर्डविक मेंढ्या राहिल्याच पाहिजेत.

२०१७ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या उतारांवर त्या मेंढ्या आजही चरतात. त्यामुळे पुढच्या वेळी निळ्या कोटातला तो ससा दिसला, तर लक्षात ठेवा, त्याने एका बाईला स्वतःचं आयुष्य मिळवून दिलं आणि तिने ते या डोंगरांना देऊन टाकलं.