वस्तादाविना लढत

कुस्तीच्या तालमीत डावपेच शिकवणाऱ्याला मराठीत वस्ताद म्हणतात. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूतील उस्ताद या शब्दाचेच हे मराठी रूप आहे. आज आपण अमेरिकेतील अशाच एका वस्तादाची आणि त्याच्या शिष्याची ओळख करून घेऊ. शिष्याचे नाव ज्यो लुई. वस्तादांचे नाव जॅक ब्लॅकबर्न. खेळ मात्र कुस्तीचा नव्हे, मुष्टियुद्धाचा.

ज्यो लुईचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवत. घरात आठ मुले होती. १९२६ साली हे कुटुंब पोटासाठी डेट्रॉइट शहरात आले. तेथे मोटारींचे मोठमोठे कारखाने होते. मुलाने व्हायोलिन शिकावे, अशी आईची फार इच्छा होती. त्यासाठी ती पदरमोड करून त्याला पैसे देई. ज्यो ते पैसे मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळेत खर्च करू लागला! हे उघडकीस आले, तेव्हा आईने त्याची आवड ओळखली आणि त्याला अडवले नाही.

१९३४ साली ज्योने पैसे घेऊन लढायचे ठरवले. त्याला शिकवण्यासाठी ब्लॅकबर्न यांना बोलावण्यात आले. ते स्वतः एके काळी नावाजलेले मुष्टियोद्धे होते. त्यांचे आयुष्य मात्र निष्कलंक नव्हते. एका भांडणात त्यांच्या हातून माणूस मारला गेला होता आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला होता. ज्योला शिकवायला ते आधी फारसे उत्सुक नव्हते. त्याचे कारणही तसेच होते. जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने १९०८ ते १९१५ या काळात सर्वांत वजनदार गटाचे जगज्जेतेपद मिळवून राखले होते. त्याच्यानंतर एकाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढण्याची संधी मिळाली नव्हती. जिथे दारच बंद आहे, तिथे शिकवून काय उपयोग, असे त्यांना वाटे.

तरीही त्यांनी ज्योला हाताशी धरले. पाय कसे ठेवावेत, तोल कसा सांभाळावा, ठोसा वाया कसा घालवू नये, हे त्यांनी अगदी पहिल्यापासून शिकवले. पंच आपल्या बाजूने निकाल देतील, या भरवशावर राहू नकोस, असे ते बजावत. समोरचा उठूच शकला नाही, तर निकालाबद्दल शंका उरत नाही, हा त्यांचा साधा हिशेब होता. ४ जुलै १९३४ रोजी शिकागो येथे ज्यो पहिली लढत लढला आणि पहिल्याच फेरीत जिंकला. त्याला ५९ डॉलर मिळाले.

पुढे गुरुशिष्यांचा स्नेह इतका वाढला, की दोघेही एकमेकांना चॅपी या एकाच लाडक्या नावाने हाक मारू लागले.

पण शिष्याने गुरूचे नेहमीच ऐकले असे समजू नका. १९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगशी लढत ठरली. ज्यो तोवर एकही लढत हरला नव्हता. यशाची धुंदी चढली, सरावाकडे दुर्लक्ष झाले. डाव्या हाताने ठोसा मारल्यावर तो हात खाली येतो, हा त्याचा दोष श्मेलिंगने हेरला होता. बाराव्या फेरीत ज्यो कोसळला. या पराभवाने तो शहाणा झाला. २२ जून १९३७ रोजी जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत हरवून तो जगज्जेता झाला. बरोबर एका वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, त्याने श्मेलिंगला अवघ्या १२४ सेकंदांत हरवले.

अशा लढतीत प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असते. मग एक मिनिट विश्रांती मिळते. खेळाडू आपल्या कोपऱ्यात येऊन बसतो आणि त्याचा शिक्षक त्याला चार गोष्टी सांगतो. त्या एका मिनिटाची किंमत फार मोठी असते. जून १९४१ मध्ये बिली कॉन या चपळ खेळाडूने बारा फेऱ्यांपर्यंत ज्योला मागे टाकले होते. ब्लॅकबर्न यांनी त्याला स्पष्ट सांगितले, की गुणांवर तू हरत आहेस, आता त्याला पाडल्याशिवाय गत्यंतर नाही. तेराव्या फेरीत ज्योने कॉनला पाडले आणि जगज्जेतेपद वाचले.

याच सुमारास ब्लॅकबर्न यांची प्रकृती ढासळू लागली. ९ जानेवारी १९४२ रोजी ज्योची लढत बडी बेअरशी होती. त्या वेळची एक आठवण सांगतात. रिंगणाच्या पायऱ्या चढणे आता आपल्याला झेपणार नाही, असे ब्लॅकबर्न म्हणाले. तुम्ही एकदाच वर या, दुसऱ्यांदा चढण्याची वेळ मी येऊ देणार नाही, असे ज्योने त्यांना वचन दिले. त्याने ते पाळलेही. लढत पहिल्याच फेरीत संपली.

त्यानंतर ज्यो सैन्यात दाखल झाला. २७ मार्च १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची लढत एब सायमनशी ठरली. सायमन धिप्पाड होता. वर्षभरापूर्वी त्याने ज्योला तेराव्या फेरीपर्यंत झुंजवले होते. आणि या वेळी ब्लॅकबर्न येऊ शकत नव्हते. ते शिकागोत आजारी होते. त्यांच्या जागी मॅनी सीमन हे दुसरे शिक्षक कोपऱ्यात उभे राहिले.

विचार करा, त्या रात्री ज्योला कसे वाटले असेल! जवळजवळ आठ वर्षे ज्यांचा आवाज ऐकून तो लढला, तो आवाज आज कानी पडणार नव्हता. पण त्या आवाजाने शिकवलेले सारे त्याच्या हातापायांत मुरले होते. सहाव्या फेरीत त्याने सायमनला हरवले. या लढतीची आपली कमाई त्याने सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या निधीला देऊन टाकली.

२४ एप्रिल १९४२ रोजी ब्लॅकबर्न यांचे निधन झाले. महायुद्ध चालू असल्यामुळे ज्यो चार वर्षे जगज्जेतेपदासाठी लढला नाही. जून १९४६ मध्ये तो पुन्हा बिली कॉनसमोर उभा राहिला. मागच्या वेळी ऐन मोक्याला सल्ला देणारे ब्लॅकबर्न आता या जगात नव्हते. तरी ज्यो आठव्या फेरीत जिंकला. एकूण ११ वर्षे ८ महिने तो जगज्जेता राहिला आणि २५ वेळा त्याने आपले पद राखले.

उत्तरायुष्यात कराच्या थकबाकीने त्याला फार छळले. कर्ज फेडण्यासाठी त्याला वय झाल्यावरही लढावे लागले आणि हारही पत्करावी लागली. १२ एप्रिल १९८१ रोजी तो वारला. एके काळचा प्रतिस्पर्धी श्मेलिंग तोवर त्याचा मित्र झाला होता. ज्योच्या अंत्यविधीच्या खर्चाला त्याने हातभार लावला.

मित्रांनो, परीक्षेच्या दिवशी तुमचे शिक्षक तुमच्या बाकाशेजारी बसत नाहीत. पुढे नोकरीत, व्यवसायात, संकटातही ते जवळ असणार नाहीत. ज्यो लुईचे वस्ताद त्या रात्री शेकडो मैल दूर अंथरुणावर पडून होते. त्यांनी रोज सकाळी घोटून घेतलेला धडा मात्र शिष्याबरोबर रिंगणात उतरला होता.