पृथ्वीची सावली नव्हे! चंद्राच्या कलांचं कोडं घागरीच्या उदाहरणाने सोडवणारे भास्कराचार्य

धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात दरवर्षी चैत्र पौर्णिमेला येडेश्वरी देवीची मोठी यात्रा भरते. रात्री डोक्यावर वाटोळा चंद्र असतो. पंधरा दिवसांनी त्याच डोंगरावर अमावस्येचा काळोख पसरतो. मधल्या दिवसांत चंद्र कशामुळे कमी कमी होतो? अनेक जण आजही सांगतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडवीड हे त्यांचं गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ रचला. प्रसिद्ध 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. चंद्राच्या कलांचं कारण मात्र 'गोलाध्याय' या भागात येतं.

त्यासाठी त्यांनी उदाहरण घेतलं ते घागरीचं. उन्हात घागर ठेवली की सूर्याकडची बाजू उजळते आणि मागची बाजू घागरीच्या स्वतःच्याच सावलीने काळी दिसते. चंद्राचंही तसंच. त्याचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो. त्यातला जेवढा भाग पृथ्वीवरून दिसतो, तेवढी त्या दिवसाची कला. अमावस्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, म्हणून त्याची काळी बाजू आपल्याकडे येते. पौर्णिमेला तो सूर्याच्या समोर असतो, म्हणून उजळ बाजू पूर्ण दिसते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. ग्रहणाचं हे कारणही त्यांनी वेगळं समजावलं आहे.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते चंद्राला पाण्याचा गोळा मानत. पण सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन ९० अंश होण्याच्या जरा आधीच चंद्र बरोबर अर्धा दिसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचा ८५.७५ अंशांचा आकडा आज चुकीचा ठरतो, विचार मात्र योग्य होता.

पुढे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या १२०७ च्या शिलालेखात त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे.

पुढच्या पौर्णिमेच्या संध्याकाळी स्वतःच पाहा. पश्चिमेला सूर्य मावळत असतो, तेव्हाच पूर्वेला चंद्र उगवतो. दोघे समोरासमोर आणि मध्ये आपण. म्हणूनच त्या रात्री चंद्र पूर्ण दिसतो.