फर्डिनांड पोर्श : हायब्रिड वाहनांचे आद्य शिल्पकार

शहरात घरोघरी माल पोचविणाऱ्या ट्रकला दिवसभर वारंवार थांबावे आणि पुन्हा निघावे लागते. हायब्रिड ट्रकमध्ये इंजिन केव्हा चालवायचे, बॅटरीतील वीज केव्हा वापरायची आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा कशी साठवायची, याचा हिशेब आता संगणक ठेवतो. अमेरिकेत 'फेडएक्स'ने २००४ मध्ये असे ट्रक रस्त्यावर आणले. मात्र इंजिन आणि बॅटरी यांच्यातील कामाच्या वाटणीचा प्रश्न त्यापूर्वी शतकभर आधी व्हिएन्नातील एका तरुण अभियंत्याने हाती घेतला होता. ते अभियंते म्हणजे फर्डिनांड पोर्श.

पोर्श यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे कारागीर होते. मुलाला मात्र विजेचे वेड लागले. दिवसा वडिलांच्या कारखान्यात काम आणि रात्री तंत्रशाळेत शिक्षण, असा त्यांचा क्रम होता. १८९३ मध्ये ते व्हिएन्नातील विद्युत उपकरणांच्या कंपनीत दाखल झाले आणि १८९८ मध्ये लोनर या वाहननिर्मात्याकडे गेले.

तेथे त्यांनी मोटार थेट चाकाच्या तुंब्यातच बसविली. गिअर आणि साखळ्या यांची गरजच उरली नाही. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ही विजेवरील गाडी गाजली. परंतु तिच्या शिसे-आम्ल बॅटरीचे वजन ४१० किलो होते आणि एका चार्जिंगमध्ये ती जेमतेम ५० किलोमीटर जाई. पल्ला वाढवायचा तर बॅटरी वाढवावी लागे आणि बॅटरी वाढली की ते ओझे ओढण्यातच वीज खर्ची पडे.

या कोंडीवर पोर्श यांनी त्याच वर्षी उपाय शोधला. 'सेम्पर व्हायव्हस' या गाडीत त्यांनी बॅटरीचे घट ७४ वरून ४४ वर आणले आणि दोन लहान पेट्रोल इंजिने बसविली. इंजिनांचा चाकांशी यांत्रिक संबंध नव्हता. ती केवळ जनित्रे फिरवीत. वीज आधी चाकांतील मोटारींना मिळे आणि उरलेली बॅटरीत साठे. इंजिन सुरू करण्याचे कामही हीच जनित्रे करीत. गाडीचा पल्ला सुमारे २०० किलोमीटरवर गेला. पुढे आलेली 'मिक्स्टे' ही सुधारित गाडी मात्र महाग आणि गुंतागुंतीची ठरली. पेट्रोलच्या मोटारी स्वस्त होत गेल्या आणि हायब्रिड मागे पडली.

१९०६ मध्ये पोर्श ऑस्ट्रो-डाइमलरचे तांत्रिक संचालक झाले. इंजिन, जनित्र, मोटार ही साखळी येथे अवजड मालवाहतुकीस उपयोगी पडली. पुढच्या वाहनातील जनित्राची वीज तारेने मागच्या गाड्यांच्या चाकांपर्यंत नेल्याने प्रत्येक गाडी स्वतःच्या बळावर चढ चढू लागली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या अजस्र तोफा अशाच वाहनांनी वाहून नेल्या.

१९३४ मध्ये त्यांच्याकडे जर्मनीच्या लोककारचे, म्हणजेच फोक्सवागनचे काम आले. हिटलरच्या राजवटीशी त्यांनी जवळीक साधली. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. फोक्सवागनच्या कारखान्यात युद्धकाळात हजारो वेठबिगार आणि छळछावण्यांतील कैदी राबविले गेले. पेट्रोल-विद्युत यंत्रणा त्यांनी रणगाड्यातही आणली. तो रणगाडा नाकारला गेला. पण त्याच्या सांगाड्यांवर उभारलेली 'फर्डिनांड' ही रणगाडाभेदी वाहने १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरली.

युद्धानंतर फ्रान्समध्ये सुमारे २० महिने तुरुंगवास भोगून पोर्श १९४७ मध्ये सुटले. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कल्पनेला हलकी बॅटरी आणि क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणारी यंत्रणा हवी होती. या दोन्ही गोष्टी त्यांच्या हयातीत उपलब्ध झाल्या नाहीत. मात्र ती कल्पना कोणाच्या सेवेस लावायची, याची निवड त्यांच्याच हाती होती. त्यामुळे अभियंता म्हणून त्यांचा गौरव करताना इतिहासाला त्या निवडीचीही नोंद ठेवावी लागते.