आर्थर व्हॉर्टन

आर्थर व्हॉर्टन (२८ ऑक्टोबर १८६५, अक्रा – १३ डिसेंबर १९३०, डॉन्कास्टरजवळ) हे इंग्लंडमधील गोलरक्षक, धावपटू, सायकलपटू व क्रिकेटपटू होते. जगातील पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून सामान्यतः त्यांचाच उल्लेख केला जातो. शंभर यार्डांची (९१.४४ मीटर) शर्यत दहा सेकंदांत पूर्ण करून ते प्रथम प्रसिद्धीस आले. त्यांच्या फुटबॉल कारकिर्दीचा बहुतांश काळ मात्र उत्तर इंग्लंडमधील लहान क्लबांतून गेला. हयातीत नामवंत असलेला हा खेळाडू मृत्यूनंतर जवळजवळ सात दशके नाव नसलेल्या थडग्यात विसरला गेला होता.

प्रारंभिक जीवन

व्हॉर्टन यांचा जन्म तत्कालीन गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीतील (आताचा घाना) अक्रा शहराच्या जेम्सटाउन भागात झाला. वडील हेन्री व्हॉर्टन हे कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून आलेले मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या वंशात स्कॉटिश व आफ्रिकी असे दोन्ही प्रवाह होते. आईचे नाते फांटे जमातीच्या राजघराण्याशी होते. घरात शिक्षणाला व धर्मकार्याला मान असल्याने आर्थर यांनी वडिलांचाच मार्ग धरावा, अशी अपेक्षा होती.

त्या उद्देशाने १८८२ च्या सुमारास ते इंग्लंडला आले. प्रथम स्टॅफर्डशायरमधील कॅनक येथे आणि १८८४ पासून डार्लिंग्टन येथील क्लीव्हलँड कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले. येथेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. अभ्यासापेक्षा मैदानाकडे त्यांचा ओढा वाढत गेला आणि धर्मोपदेशक होण्याचा विचार मागे पडला.

धावपटू म्हणून कीर्ती

३ जुलै १८८६ रोजी लंडनमधील स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर इंग्लंडच्या हौशी ॲथलेटिक संघटनेची स्पर्धा झाली. तीत व्हॉर्टन यांनी शंभर यार्डांची शर्यत जिंकली. प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी अशा दोन्ही वेळी त्यांची नोंद दहा सेकंद अशी झाली. या राष्ट्रीय स्पर्धेत ही वेळ गाठणारे ते पहिले धावपटू होत. विजेत्यास प्रिन्स हसन चषक मिळत असे. पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी हे विजेतेपद राखले.

त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी व व्यावसायिक खेळाडू यांच्यात कडक भेद पाळला जात असे. पैशासाठी धावणाऱ्यास हौशी स्पर्धांची दारे बंद होत. चषक आणि मान हौशी खेळाडूस मिळे, पण त्यावर पोट भरत नसे. व्हॉर्टन यांच्यापाशी जमीनजुमला किंवा स्थिर नोकरी नव्हती. १८८८ मध्ये त्यांनी पैशाच्या शर्यतींत उतरण्याचा निर्णय घेतला आणि शेफील्ड येथील प्रसिद्ध हँडिकॅप शर्यत जिंकली. अशा शर्यतींवर मोठ्या प्रमाणात सट्टा लागत असल्याने सभ्य समाजात त्यांना फारशी प्रतिष्ठा नव्हती.

डार्लिंग्टन व प्रेस्टन नॉर्थ एंड

फुटबॉलमध्ये व्हॉर्टन यांनी डार्लिंग्टन संघाचे हौशी गोलरक्षक म्हणून सुरुवात केली. तेथील खेळ पाहून प्रेस्टन नॉर्थ एंडने १८८६ मध्ये त्यांना आपल्याकडे घेतले. लँकेशायरमधील हा संघ त्या वेळी देशातील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता. व्यावसायिक खेळाडूंना इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १८८५ मध्ये मान्यता दिली होती, आणि त्या मान्यतेसाठी झालेल्या संघर्षात प्रेस्टन आघाडीवर होता. व्हॉर्टन मात्र येथेही हौशी म्हणूनच खेळले.

१८८६-८७ च्या मोसमात प्रेस्टनने एफए कपाची उपांत्य फेरी गाठली. तीत वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनने त्यांचा ३-१ असा पराभव केला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठीही व्हॉर्टन यांचे नाव चर्चेत आले होते, परंतु त्यांची निवड कधीच झाली नाही.

१८८८ मध्ये धावण्यावर लक्ष केंद्रित करण्यासाठी त्यांनी प्रेस्टन सोडले. त्याच वर्षी बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच मोसमात प्रेस्टनने लीगमधील २२ पैकी एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले आणि एकही गोल न स्वीकारता एफए कपही जिंकला. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात ‘अजिंक्य’ म्हणून गौरवलेल्या या संघात व्हॉर्टन नव्हते. त्यांचे प्रस्थान आणि संघाचा सुवर्णकाळ यांच्यात अवघ्या काही महिन्यांचे अंतर होते.

व्यावसायिक कारकीर्द

१८८९ मध्ये व्हॉर्टन यॉर्कशायरमधील रॉदरहॅम टाउन या क्लबाकडून खेळू लागले आणि व्यावसायिक फुटबॉलपटू बनले. १८९० मध्ये त्यांनी रॉदरहॅम येथील एमा लिस्टर यांच्याशी विवाह केला. खेळाबरोबरच ते गावात मद्यगृह चालवीत. फुटबॉलच्या मिळकतीला असा जोडधंदा शोधणे ही त्या काळच्या अनेक खेळाडूंची रीत होती. गोलरक्षक म्हणून त्यांचा सर्वांत स्थिर काळ येथेच गेला. १८९१-९२ व १८९२-९३ अशी सलग दोन वर्षे रॉदरहॅम टाउनने मिडलँड लीगचे विजेतेपद मिळवले आणि १८९३ मध्ये संघाला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला.

१८९४ मध्ये पहिल्या श्रेणीतील शेफील्ड युनायटेडने त्यांना करारबद्ध केले. परंतु त्याच सुमारास या क्लबाने विल्यम फोक या वीस वर्षांच्या गोलरक्षकालाही घेतले होते. प्रचंड देहाचे फोक पुढे इंग्लंडकडून खेळले आणि त्या पिढीतील सर्वांत प्रसिद्ध गोलरक्षक ठरले. व्हॉर्टन तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि फोक यांच्यापुढे त्यांना क्वचितच संधी मिळाली. १८९४-९५ मध्ये सन्डरलँडविरुद्ध ते पहिल्या श्रेणीतील लीग सामना खेळले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत.

एका मोसमानंतर ते रॉदरहॅम टाउनकडे परतले, परंतु १८९६ मध्ये हा क्लबच बंद पडला. त्यानंतर मँचेस्टरच्या पूर्वेकडील गिरणगावांतील स्टॅलीब्रिज रोव्हर्स व ॲश्टन नॉर्थ एंड या क्लबांकडून ते खेळले. यांपैकी ॲश्टन नॉर्थ एंड १८९९ मध्ये बुडाला आणि व्हॉर्टन पुन्हा स्टॅलीब्रिजकडे गेले. लहान क्लबांचे अर्थकारण प्रामुख्याने तिकीटविक्रीवर चालत असल्याने खेळाडूचा खेळ चांगला असूनही क्लब टिकेलच, याची शाश्वती नसे. त्यांच्या वारंवार झालेल्या स्थलांतरामागे वयाइतकेच हेही कारण होते.

१९०१ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतील स्टॉकपोर्ट काउंटीकडे आले. येथे मोजके सामने खेळून फेब्रुवारी १९०२ मध्ये न्यूटन हीथविरुद्धच्या सामन्यानंतर त्यांनी निवृत्ती घेतली. काही आठवड्यांनी न्यूटन हीथचे नाव मँचेस्टर युनायटेड असे झाले. मद्यपानाचे व्यसन हे निवृत्तीचे एक कारण असल्याचे चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. उन्हाळ्यात ते यॉर्कशायर व लँकेशायरमधील क्लबांकडून क्रिकेटही खेळत. १८८७ मध्ये प्रेस्टन ते ब्लॅकबर्न या मार्गावर तीनचाकी सायकलीवर त्यांनी विक्रम केला होता.

खेळशैली

व्हॉर्टन यांच्या काळातील गोलरक्षण आजच्यापेक्षा फार वेगळे होते. गोलरक्षकाला मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात कोठेही चेंडू हाताळता येई; हा नियम १९१२ मध्ये बदलला. वेगळ्या रंगाचा सदरा १९०९ पर्यंत बंधनकारक नव्हता. प्रतिस्पर्धी खेळाडू खांद्याने धक्का देऊन गोलरक्षकाला चेंडूसह गोलात ढकलू शकत. त्यामुळे चेंडू पकडून ठेवण्यापेक्षा मुठीने दूर ठोसणे सुरक्षित ठरे. या मुष्टिप्रहारात व्हॉर्टन विशेष वाकबगार होते.

गोलखांबाजवळ एका बाजूस दबा धरून बसणे आणि ऐन वेळी धावपटूच्या वेगाने झेप घेणे, ही त्यांची खास लकब होती. एकदा आडव्या दांडीला लोंबकळून त्यांनी चेंडू दोन्ही पायांत पकडल्याची आठवणही सांगितली जाते. प्रेक्षकांना हा खेळ आवडे. काही वृत्तपत्रांनी मात्र त्यास विदूषकी ठरवले आणि टीका करताना त्यांच्या वर्णावरून अपमानास्पद शेरे मारले. विक्षिप्त खेळ ही त्या काळच्या अनेक गोरे गोलरक्षकांची ओळख होती. फोक हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांच्या बाबतीत जी गंमत मानली गेली, तिलाच व्हॉर्टन यांच्या बाबतीत बुद्धीची उणीव म्हटले गेले.

उत्तरायुष्य व मृत्यू

खेळ सोडल्यावर व्हॉर्टन यांच्यापाशी बचत उरली नाही. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलपटूंना निवृत्तिवेतनाची सोय नव्हती. पुढे ते डॉन्कास्टरजवळील एडलिंग्टन येथे यॉर्कशायर मेन या कोळसा खाणीत मालवाहतुकीच्या कामावर मजूर म्हणून राहिले. १३ डिसेंबर १९३० रोजी कर्करोग व उपदंश या विकारांनी आरोग्यधामात त्यांचा मृत्यू झाला. एडलिंग्टनच्या दफनभूमीत तिसऱ्या वर्गाच्या थडग्यात त्यांना पुरण्यात आले. त्यावर नावाची शिळा नव्हती.

पुनःशोध व स्मारके

नंतरच्या काळात पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून अनेकदा वॉल्टर टल यांचे नाव घेतले जाई. टल १९०९ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परकडे आले, म्हणजे व्हॉर्टन यांच्यानंतर वीस वर्षांनी. दुसरीकडे, अँड्र्यू वॉटसन हे कृष्णवर्णीय खेळाडू १८८१ मध्येच स्कॉटलंडकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळले होते. परंतु त्यांची गणना प्रामुख्याने हौशी खेळाडूंत होते. म्हणून व्हॉर्टन यांचे स्थान ‘पहिले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू’ असे नसून ‘पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू’ असे सांगणे योग्य ठरते.

१९९० च्या दशकात इतिहासकार फिल वासिली यांच्या संशोधनामुळे व्हॉर्टन यांचे जीवन पुन्हा प्रकाशात आले. त्यांनी लिहिलेले चरित्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. शेफील्ड येथील ‘फुटबॉल युनाइट्स, रेसिझम डिव्हाइड्स’ या वर्णद्वेषविरोधी संस्थेच्या प्रयत्नांतून १९९७ मध्ये एडलिंग्टनच्या थडग्यावर शिळा उभारली गेली.

२००३ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने आपल्या गौरवदालनात त्यांचा समावेश केला. हे संग्रहालय त्या वेळी प्रेस्टन नॉर्थ एंडच्या डीपडेल मैदानावर होते. ज्या संघाच्या अजिंक्य मोसमाला ते मुकले होते, त्याच संघाच्या अंगणात त्यांची नोंद झाली. २०१४ मध्ये बर्टनजवळील सेंट जॉर्जेस पार्क या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. उडी घेऊन आडव्या दांडीवरून जाणारा चेंडू अडवणारा गोलरक्षक, असे त्याचे रूप आहे.