वजन दोनदा उतरवणारे राष्ट्राध्यक्ष

१९०९ सालचे एक छायाचित्र आजही अधूनमधून पाहायला मिळते. अंघोळीच्या एका भल्यामोठ्या टबात चार धडधाकट पुरुष कपड्यांनिशी आरामात बसले आहेत आणि तरीही कुणाचा कुणाला अडथळा नाही. सात फुटांहून थोडा जास्त लांब आणि जवळपास साडेतीन फूट रुंद असा हा टब अमेरिकेचे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्यासाठी मुद्दाम घडवला होता. पनामा कालव्याच्या पाहणीसाठी ते ज्या युद्धनौकेतून जाणार होते, तिच्यावर तो बसवायचा होता. पुढे टाफ्ट व्हाइट हाउसच्या टबात अडकून बसल्याची कथा पसरली. तिला त्या काळातला पुरावा नाही, पण लोकांच्या लक्षात तीच राहिली. सरन्यायाधीश म्हणून त्यांनी केलेले मोठे काम मागे पडले आणि टब तेवढा पुढे आला.

खरे तर या माणसाच्या आयुष्यात वजनाची जी गोष्ट घडली, ती टबापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे. टाफ्ट यांनी वजन दोनदा उतरवले. पहिल्यांदा उतरवलेले सगळे परत आले, वर थोडे व्याजही घेऊन आले. दुसऱ्यांदा उतरवलेले मात्र मरेपर्यंत परत आले नाही.

टाफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाला. वडील नामांकित वकील, पुढे देशाचे मंत्री. मुलगा लहानपणापासूनच अंगाने भरलेला, पण सुस्त नव्हता. येल विद्यापीठात तो कुस्ती खेळे आणि १८७८ मध्ये वर्गात दुसरा येऊन पदवीधर झाला. तेव्हाच त्याचे वजन ११० किलोच्या आसपास होते. उंची सहा फुटांना थोडी कमी, त्यामुळे ते देहावर दिसायला फार विचित्र वाटत नसे. वकिली, न्यायाधीशपद, मग सरकारचे वकील, पुन्हा न्यायाधीशपद अशी चढती कमान सुरू झाली. काम बैठे, जेवणे भरभक्कम.

१९०० मध्ये त्यांना फिलिपिन्सला पाठवण्यात आले आणि पुढच्या वर्षी ते तिथले गव्हर्नर झाले. तिथला एक किस्सा सांगितला जातो. टाफ्ट यांनी वॉशिंग्टनला तार केली, की डोंगरातून घोड्यावरून पंचवीस मैलांची रपेट झाली आणि प्रकृती उत्तम आहे. युद्धमंत्री एलिहू रूट यांनी उलट तारेने घोड्याची प्रकृती कशी आहे, अशी विचारणा केली. टाफ्ट हा विनोद स्वतःच लोकांना हसत हसत सांगत. जाड माणसाने स्वतःवर हसायला शिकावे ही समाजाची अपेक्षा असते, आणि टाफ्ट ती आयुष्यभर पुरी करत आले. आतून मात्र त्यांना वजन खुपत होते.

१९०५ च्या डिसेंबरात, स्वतः युद्धमंत्री असताना, त्यांनी लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील डॉक्टर नॅथॅनिएल यॉर्क-डेव्हिस यांना पत्र लिहिले. लठ्ठपणावरील आहारासाठी हे डॉक्टर प्रसिद्ध होते. वजन होते ३१४ पौंड, म्हणजे १४२ किलो. डॉक्टरांनी समुद्रापलीकडून पत्रानेच उपचार सुरू केले. सकाळी गरम पाण्यात लिंबू. न्याहारीला बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी, मोजून सहा औंस भाजलेले चरबीविरहित मांस आणि दोन-तीन ग्लूटेनची बिस्किटे. दुपारी थोडे मांस, लोण्याशिवाय शिजवलेली हिरवी भाजी आणि साखर न घातलेले शिजवलेले फळ. रात्री पातळ सूप, मासा, मांस, भाजी, पुन्हा फळ. सगळे तराजूत तोलून. यातली बिस्किटे वाचून आजचा वाचक चमकेल, कारण हल्ली ग्लूटेन टाळण्याची फॅशन आहे. तेव्हा उलटे होते. कणकेतला स्टार्च धुऊन काढला की जे चिवट प्रथिन उरते ते ग्लूटेन, आणि मधुमेही व लठ्ठ लोकांना त्याचीच बिस्किटे दिली जात.

आजचे आहारतज्ज्ञ या तक्त्यात बऱ्याच चुका काढतील. मांस फार, धान्य जवळपास नाहीच. पण एक गोष्ट डॉक्टरांनी नेमकी केली. त्यांनी टाफ्ट यांना रोज वजन करायला आणि ते लिहून कळवायला लावले. टाफ्ट वजनाची, खाण्याची, व्यायामाची नोंद ठेवू लागले. पत्र यायला उशीर झाला, की डॉक्टर अस्वस्थ होत. रोजची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन अधिक उतरते, हे पुढच्या शंभर वर्षांत अनेक अभ्यासांत दिसले. मोबाइलवरची आजची अॅप्स हेच काम करतात, फक्त टपालखर्च वाचतो.

१९०६ च्या एप्रिलपर्यंत टाफ्ट २५५ पौंडांवर आले. चार-पाच महिन्यांत जवळपास २७ किलो कमी. प्रकृती छान वाटते, पण सतत भूक लागलेली असते, असे त्यांनी कळवले होते. या एका तक्रारीतच पुढचे सगळे आले. सतत उपाशी राहून माणूस काही महिने काढू शकतो, वर्षे नाही. शरीर एवढ्या झपाट्याने घटले, की भुकेची संप्रेरके वाढतात आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा कमी होते. म्हणजे पूर्वीएवढेच खाल्ले तरी वजन वाढते. आज हे माहीत आहे. तेव्हा हा निव्वळ मनाच्या दुबळेपणाचा दोष समजला जाई, आणि खरे सांगायचे तर अजूनही अनेक घरांत तसाच समजला जातो.

मग निवडणूक आली. टाफ्ट यांना मनापासून हवे होते सर्वोच्च न्यायालय. राष्ट्राध्यक्षपदाची ओढ त्यांच्यापेक्षा पत्नी हेलन यांना अधिक होती. १९०८ च्या प्रचारात मेजवान्यांवर मेजवान्या झडल्या. मार्च १९०९ मध्ये शपथ घेतली तेव्हा वजन साडेतीनशे पौंडांच्या, म्हणजे १६० किलोच्या घरात गेले होते. दोनच महिन्यांनी हेलन यांना पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली. पतीने स्वतः शेजारी बसून त्यांना पुन्हा बोलायला शिकवले. एकीकडे हे दुःख, दुसरीकडे ज्यांनी त्यांना या खुर्चीवर आणले त्या थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी वाढत गेलेला दुरावा. व्हाइट हाउसच्या व्यवस्थापिकेने लिहून ठेवलेली न्याहारी अशी होती: दोन संत्री, बारा औंसांचे गोमांसाचे स्टेक, लोणी लावलेले कित्येक टोस्ट आणि साय-साखर घातलेली भरपूर कॉफी. डॉक्टरांनी दिलेल्या मांसाच्या बरोबर दुप्पट.

व्यायाम नव्हता असे मात्र नाही. टाफ्ट यांना गोल्फचे वेड होते आणि सवड मिळेल तेव्हा ते मैदानावर जात. तरीही वजन हलले नाही. दोन तास मैदानावर घालवून जेवढे जळते, तेवढे जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटांत भरून निघते.

या काळातली सर्वांत काळजीची गोष्ट वजनकाट्यावर दिसत नव्हती. राष्ट्राध्यक्ष कुठेही झोपत. पत्ते खेळताना, संगीतिका चालू असताना, चर्चमध्ये, पाहुणा समोर बोलत असताना, उघड्या मोटारीत. रात्री घोरणे दणदणीत. पत्नी त्यांना गमतीने परीकथेतल्या निद्रिस्त राजकन्येच्या नावाने हाक मारी. त्यांचे लष्करी सचिव आर्ची बट घरच्यांना लिहिलेल्या पत्रांत या डुलक्यांची नोंद करत आणि राष्ट्राध्यक्षांना लाज वाटू नये म्हणून मोठ्याने खोकून त्यांना जागे करत. (हे बट १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले.) हे सारे तेव्हा विनोदाचा विषय होते. २००३ मध्ये जॉन सोटोस या अमेरिकी डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून सांगितले, की हा स्लीप ॲप्निया होता.

मानेभोवती आणि घशात चरबी साठली, की झोपेत श्वासनलिकेचा वरचा भाग मिटतो. श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून शरीराला अर्धवट जागे करतो. रात्रभरात हे शेकडो वेळा होऊ शकते. झोपलेल्याला सकाळी काहीच आठवत नाही, फक्त दिवसभर पेंग येते. आणि प्रत्येक दचकण्याबरोबर अॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. काही महिन्यांनी तो दिवसाही चढाच राहतो. टाफ्ट यांचा वरचा रक्तदाब २१० होता. आज वरचा आकडा १४० च्या पुढे सतत राहिला, तर डॉक्टर उपचारांचे बोलू लागतात.

रक्तदाब मोजणे हीच तेव्हा नवलाई होती. दंडाला पट्टा बांधून मोजायचे यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची पद्धत रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली, म्हणजे टाफ्ट यांनी लंडनला पत्र लिहिले त्याच वर्षी. मोजता येऊ लागले, पण उतरवायचे औषध नव्हते. नीट चालणाऱ्या, सोसणाऱ्या गोळ्या यायला १९५० चे दशक संपत आले. त्यामुळे टाफ्ट यांच्यासमोर राहणी बदलण्याशिवाय मार्ग नव्हता. आज तशी स्थिती नाही. २१० आकडा दिसला तर आधी औषध आणि त्याच्या जोडीला राहणी, असाच क्रम डॉक्टर लावतात.

१९१२ च्या निवडणुकीत टाफ्ट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. फक्त युटा आणि व्हरमाँट ही दोन राज्ये मिळाली. सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाचा एवढा दारुण पराभव क्वचितच झाला असेल. एप्रिल १९१३ मध्ये ते येलला कायदा शिकवायला गेले, आणि तिथे वजनाची दुसरी गोष्ट सुरू झाली.

या वेळचा आहार सांगायला सोपा होता. बटाटा बंद. ब्रेड कुठल्याही रूपात बंद. डुकराचे आणि चरबीचे मांस बंद, कोंबडी चालेल. तेलकट मासे नकोत. बटाटा सोडून सगळ्या भाज्या खायच्या. दारू नाही, तंबाखू नाही. पहिल्या वेळेसारखे औंस मोजत बसणे नव्हते. काय खायचे नाही ते ठरलेले आणि बाकीचे पोटभर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी वार्ताहरांना सांगितले, की आठ-नऊ महिन्यांत जवळपास सत्तर पौंड, म्हणजे ३२ किलो घटले आहेत. दिवसाची पेंग गेली. वरचा रक्तदाब तीस-चाळीस अंकांनी खाली आला. एक किलो वजन घटले तर वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, असा आजचा ढोबळ हिशेब आहे. टाफ्ट त्यात अगदी चपखल बसतात. रक्तदाब पूर्ण ताब्यात आला नाही हेही खरे. १७०-१८० हा आकडा आजच्या डॉक्टरांना चालणारा नाही.

या खेपेला काय वेगळे होते? पदार्थांची यादी थोडी सोपी होती, पण तेवढ्याने वजन सोळा वर्षे खाली राहत नाही. वेगळे होते ते सारे आयुष्य. मेजवान्या संपल्या, रोजची कटकट संपली, आवडीचे काम मिळाले, रात्रीची झोप सुधारली. झोप सुधारली की भूकही ताळ्यावर येते. लंडनच्या डॉक्टरांनी दिलेली नोंदीची सवय मात्र त्यांनी सोडली नाही.

१९२१ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षात, त्यांना हवे ते मिळाले: सरन्यायाधीशपद. राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही पदे भूषवणारे ते आजवरचे एकमेव अमेरिकी आहेत. न्यायालय तेव्हा संसदेच्या कॅपिटॉल इमारतीतच भरत असे. वायोमिंग ॲव्हेन्यूवरच्या घरापासून ते सुमारे तीन मैल. टाफ्ट हे अंतर नेमाने चालत. मोटार होती, वय झाले होते, मान मोठा होता, तरी चालत. संध्याकाळी परतताना पुष्कळदा कनेक्टिकट ॲव्हेन्यूने, रॉक क्रीकच्या पुलाची वाट धरत. वॉशिंग्टनकरांना हा भारी देहाचा, पांढऱ्या मिशांचा पादचारी ओळखीचा झाला.

जुने नुकसान पूर्णपणे पुसले गेले नव्हते. वर्षानुवर्षे चढ्या दाबाने ताणलेले हृदय आणि रक्तवाहिन्या वजन उतरल्यावर नव्या होत नाहीत. १९२४ च्या सुमारास हृदयविकाराने त्यांना गाठले, नाडी अनियमित झाली. तरीही न्यायालयाच्या कामाची घडी बसवणारा १९२५ चा कायदा त्यांनी संसदेकडून करून घेतला आणि न्यायालयाला स्वतःची इमारत मिळावी म्हणून पाठपुरावा करून तीही मंजूर करवून घेतली. १९२९ मध्ये त्यांचे वजन २४४ पौंड होते. कॉलेज सोडताना होते जवळपास तेवढेच.

फेब्रुवारी १९३० मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी राजीनामा दिला. ८ मार्चला, वयाच्या ७२ व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या घरी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रॉक क्रीकवरच्या त्या पुलाला टाफ्ट यांचे नाव देण्यात आले.