डोंगरामागच्या लाटेवर स्वार झालेला वैमानिक

वोल्फ हिर्ट यांचा जन्म 1900 सालचा, जर्मनीतल्या स्टुटगार्टचा. वडील इंजिनीअर आणि थोरला भाऊ हेल्मुट नामवंत वैमानिक, त्यामुळे यंत्रांचं वेड घरातच होतं. तरुणपणी मोटारसायकल शर्यतींचा नाद लागला आणि एका अपघातात त्यांनी एक पाय गमावला. उड्डाण मात्र सुटलं नाही. लाकडी पाय लावून ते पुन्हा विमानात बसले, तेही इंजिन नसलेल्या विमानात, म्हणजे ग्लायडरमध्ये.

त्या काळात जर्मनीत ग्लायडरला बरे दिवस येण्याचं कारण राजकीय होतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधनं घातली होती. मग उत्साही तरुण टेकड्यांवरून बिनइंजिनाची विमानं उडवू लागले. ग्लायडर हवेच्या मानाने सतत खालीच घसरत असतो. पण भोवतीची हवाच त्याहून जास्त वेगाने वर जात असेल, तर तोही तिच्याबरोबर चढतो. अशी वर जाणारी हवा हुडकायची, हेच या खेळातलं कसब. टेकडीच्या वाऱ्याकडच्या उतारावर ती सापडते, हे ठाऊक होतं. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेचा उपयोग करण्यात हिर्ट आघाडीवर होते. 1931 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीकाठी वाऱ्याच्या आधाराने ग्लायडर उडवून दाखवला.

पुढे ते ग्रूनाऊ इथल्या ग्लायडर प्रशिक्षण शाळेचे प्रमुख झाले. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. जवळच रीझनगेबिर्गे ही डोंगररांग. दक्षिणेकडून जोराचा वारा सुटला, की रांगेच्या उत्तरेला एक लांबट ढग तासन्‌तास एकाच जागी उभा राही. वारा सोसाट्याचा, ढग मात्र जागचा हलत नाही! स्थानिक लोक त्याला मोआत्सागोटल म्हणत. गोटलीब मोट्स नावाच्या एका शेतकऱ्याच्या नावाचाच तो बोलीतला अपभ्रंश असल्याचं सांगतात.

मार्च 1933 मध्ये हिर्ट आणि त्यांचे सहकारी हान्स डॉइचमान या भागात उडत असताना त्यांना चढती हवा सापडली, तीही नको त्या जागी. डोंगराच्या मागे, आडोशाच्या बाजूला वारा खाली उतरतो आणि ग्लायडरला आपटवतो, असाच वैमानिकांचा अनुभव होता. इथे मात्र खालच्या थरात प्रचंड गचके आणि वर गेल्यावर विलक्षण संथ, सलग चढ. टेकडीच्या उतारावरची किंवा उष्ण हवेची ही तऱ्हा नव्हतीच. ही लाट होती.

हे घडतं कसं? रिकामी कळशी विहिरीच्या पाण्यात दाबून सोडा. ती उसळून वर येते, पुन्हा थोडी बुडते, पुन्हा वर येते. स्थिर थरांच्या हवेतही असंच होतं. डोंगर ओलांडताना हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि भोवतालच्या हवेपेक्षा जड होते. गुरुत्व तिला खाली ओढतं. ती मूळ पातळीच्याही खाली जाते, तिथे हलकी ठरते आणि पुन्हा उसळते. ओढ्यातल्या धोंड्यामागे पाण्यावर जशी स्थिर लाट दिसते, तशीच ही. लाटेच्या माथ्यावर हवा थंडावून बाष्पाचा ढग होतो आणि उतरताना तो विरतो. म्हणून मसुराच्या आकाराचा तो ढग जागेवर दिसतो. प्रत्यक्षात वारा त्याच्यातून सतत वाहत असतो. या गुरुत्व लहरी. हिंगोली जिल्ह्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो प्रकल्पात ज्या शोधायच्या आहेत त्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या, त्यांचा हवेशी संबंध नाही. नावाचा हा घोळ नेहमी होतो.

हिर्ट यांनी आपल्या नव्या, 20 मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरला त्या ढगाचंच नाव दिलं. त्यावरून पुढे प्रसिद्ध ‘मिनिमोआ’ तयार झाला. लाटेचा शास्त्रीय अभ्यास मात्र योआखिम क्यूटनर या तरुणाने केला. 1937 मध्ये ग्रूनाऊच्या परिसरात उडणाऱ्या ग्लायडरवर उंची नोंदवणारी उपकरणं बसवून त्याने लाटेची मोजमापं जमवली.

या लाटा किती वर जातात, हे नंतर हळूहळू कळलं. वर जाताना हवा विरळ होत जाते. 50 किलोमीटरवर तिची घनता जमिनीजवळच्या सुमारे हजारांश असते. लाटेची ऊर्जा तीच राहिली, तर थोड्या हवेला जास्त हेलकावा बसणार. त्या हिशेबाने तिथपर्यंत पोहोचलेल्या लाटेचा हेलकावा तीसेक पट होऊ शकतो. अखेर समुद्राच्या लाटेसारखी ती फुटते आणि तिथल्या वाऱ्याला मागे खेचते. हिवाळ्यात पश्चिमी वारे खालपासून वरपर्यंत वाहतात, तेव्हा तिला वाट मोकळी असते. उन्हाळ्यात उंचावर वाऱ्याची दिशा उलटते आणि ती मध्येच अडते. हवामानाच्या संगणकी प्रारूपांत डोंगरांची ही ‘ओढ’ धरली नाही, तर वरचे वारे प्रत्यक्षापेक्षा जोरदार निघतात. 1980 च्या दशकात तिचा समावेश होऊ लागला.

धोकाही मोठा. 5 मार्च 1966 रोजी जपानच्या फुजी पर्वतामागच्या अशाच खळबळीत बोइंग 707 हवेतच मोडून 124 जणांचा मृत्यू झाला.

हिर्ट यांच्या आयुष्यावरही काळाची सावली पडली. ज्या खेळाने बंधनांतून वाट काढली, त्याचाच नाझी राजवटीने वैमानिक घडवण्यासाठी वापर केला आणि हिर्ट यांच्या कंपनीने युद्धकाळात लढाऊ विमानांचे भाग बनवले. चरित्र लिहिताना हे वगळता येत नाही. युद्धानंतर जर्मनीत पुन्हा ग्लायडर उडवायला परवानगी मिळाली, तेव्हा उड्डाण संघटनेची धुरा त्यांनीच सांभाळली.

25 जुलै 1959 रोजी ग्लायडर चालवत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि विमान कोसळलं. तेव्हा ते 59 वर्षांचे होते. सप्टेंबर 2018 मध्ये अर्जेंटिनात अँडीज पर्वतामागच्या लाटेवर स्वार होऊन ‘पर्लान 2’ हा ग्लायडर 76,124 फुटांवर पोहोचला. एवढ्या उंचीवर बहुतेक जेट विमानंही जात नाहीत.